चिनी भाषा येत नसताना चीनमधल्या माध्यमांवर संशोधन करता येईल का? कोणत्या परिषदा पाहाव्यात?

येईल, पण विषय जपून निवडा. वीबोवरच्या (चीनमधलं ट्विटरसारखं समाजमाध्यम) पोस्टी भाषांतराच्या यंत्रातून वाचायचा बेत असेल तर आत्ताच सोडा. तिथे सेन्सॉरला चकवायला लोक समान उच्चाराचे वेगळेच शब्द वापरतात आणि यंत्र तिथेच आपटतं.

परिषदांचं म्हणाल तर इंटरनॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन या माध्यम-संशोधकांच्या संघटनेचं वार्षिक अधिवेशन गाठा. ते दरवर्षी वेगळ्या शहरात असतं. २०१६ ला जपानमधल्या फुकुओकात होतं, २०२४ ला ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला. १९९० मध्ये स्थापन झालेली चायनीज कम्युनिकेशन असोसिएशन तिथे सत्रं घेते. निबंध इंग्रजीत चालतो.

वाचायला सुरुवात अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ गॅरी किंग आणि सहकाऱ्यांच्या चिनी सेन्सॉरशिपवरच्या २०१३ च्या अभ्यासापासून करा. सरकारवर टीका केली की पोस्ट उडते, असाच आपला समज असतो ना? त्यांना उलटं दिसलं: टीका बऱ्याचदा राहू दिली जाते, पण लोक एकत्र येऊन रस्त्यावर उतरतील अशी शक्यता दिसली की पोस्ट गायब, मग ती सरकारच्या बाजूची का असेना! यावर पुढे वादही झाले, तेही वाचा.

आणखी एक. ‘चिनी समाज’ म्हणजे फक्त बीजिंग नव्हे. हाँगकाँग, तैवान, सिंगापूरही त्यात येतात आणि तिथली माध्यमं अगदी वेगळी आहेत. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतून निघणारं चायनीज जर्नल ऑफ कम्युनिकेशन इंग्रजीत आहे, ते चाळा. सिंगापूरवर तर इंग्रजीतच भरपूर साहित्य मिळतं. मी तुमच्या जागी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती, आणि संध्याकाळी चिनीचा वर्ग लावला असता.