वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतली यादवी लांबली असती तर?

मागील अंकात १८६५ च्या मुंबईतील शेअर-घबराटीवर लेख आला होता. अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धाने तिकडची रुई अडली आणि मुंबईत कापसाची तेजी आली होती. ते युद्ध त्या एप्रिलात संपले नसते तर काय झाले असते, असे त्यावर बऱ्याच वाचकांनी विचारले आहे. काहींना कथा लिहायची आहे, काहींना नुसतीच उत्सुकता आहे. निवडक पत्रांना इथे उत्तरे देत आहोत.

दिवाळी अंकासाठी पर्यायी इतिहासाची दीर्घकथा लिहितो आहे. युद्ध १८६८ पर्यंत न्यायचे आहे. गेटिसबर्गला जनरल ली जिंकला असे दाखवले तर पुरेल का?
— एक वाचक, दादर

गेटिसबर्गला हात घालू नका. जुलै १८६३ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली उत्तरेकडच्या पेनसिल्व्हेनियात शिरला होता तो रसद ताणून. जिंकला असता तरी तिथे तळ ठोकण्याइतका दारूगोळा त्याच्याकडे नव्हता, आणि त्याच आठवड्यात, ४ जुलैला, मिसिसिपीवरचे दक्षिणेचे व्हिक्सबर्ग पडणार होते ते पडलेच असते. म्हणजे एक तर तडजोड होऊन युद्ध लवकर आटोपते, नाही तर विशेष काही बदलत नाही. तुम्हाला दक्षिणेचा विजय नको आहे, दक्षिणेचे सैन्य शाबूत हवे आहे.

त्यासाठी सोयीची तारीख १७ जुलै १८६४. त्या दिवशी दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिसने अटलांटाच्या बचावावरून जोसेफ जॉन्स्टनला काढून जॉन बेल हूडला नेमले. जॉन्स्टन मागे सरकत सैन्य वाचवणारा, हूड अंगावर धावून जाणारा. हूडने २०, २२ आणि २८ जुलैला चढाया केल्या, त्या तिन्ही फसल्या. २ सप्टेंबरला अटलांटा गेले. ३० नोव्हेंबरला फ्रँकलिनला त्याने सहा हजारांवर माणसे आणि सहा जनरल गमावले, आणि डिसेंबरच्या मध्यावर नॅशव्हिलला उरलेली फौज मोडली. जॉन्स्टनला जागेवर राहू दिलेत तर अटलांटा नोव्हेंबरपर्यंत टिकणे पटण्याजोगे आहे.

नोव्हेंबर महत्त्वाचा, कारण ८ तारखेला अध्यक्षीय निवडणूक होती. २३ ऑगस्टला लिंकनने ‘आपण बहुधा हरणार’ अशी चिठ्ठी लिहून, घडी घालून, मंत्र्यांकडून ती न वाचताच मागे सह्या घेतल्या होत्या. अटलांटा पडल्यावर वारे फिरले आणि तो २१२ विरुद्ध २१ निर्वाचक मतांनी निवडून आला. इथे नवखे लेखक हमखास घसरतात : लिंकनचा प्रतिस्पर्धी मॅक्लेलन जिंकला की शांतता, असे धरून चालतात. त्याच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात युद्धबंदीची मागणी होती खरी, पण उमेदवारी स्वीकारतानाच्या पत्रात त्याने ती झटकून टाकली होती. शिवाय नवा अध्यक्ष ४ मार्च १८६५ लाच खुर्चीवर बसणार, तोवर चार महिने लिंकनच्याच हाती. आमचा सल्ला : लिंकनला काठावर जिंकवा. तुटपुंजे बहुमत आणि न संपणारे युद्ध यात कथेला जास्त वाव आहे.

दुसरा बदल विल्मिंग्टन बंदराचा. नाकेबंदी चुकवून लीच्या सैन्यासाठी मांस, शिसे, कापड येई ते शेवटी इथूनच. त्याची राखण करणाऱ्या फोर्ट फिशरवरचा डिसेंबर १८६४ मधला पहिला हल्ला फसला. किल्ल्याजवळ दारूने भरलेले जहाज उडवून दिले, पण तटाचे काही बिघडले नाही. १५ जानेवारी १८६५ ला दुसऱ्या हल्ल्यात किल्ला पडला. हा दुसरा हल्ला वादळात अडकवा. एवढ्या दोन बदलांवर युद्ध १८६६ च्या उन्हाळ्यापर्यंत जाते. १८६८ मात्र सोडून द्या, का ते पुढच्या उत्तरात आहे.

दक्षिणेकडे कारखाने नव्हते. मग युद्ध लांबले असते तर बंदुकीची दारू आधी संपली असती ना?
— एक वाचक, ठाणे

दारू नव्हे. काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. यात मिळायला अवघड तो सोरा, आणि जगातला चांगला सोरा तेव्हा आपल्या बिहारमधून, कोलकात्यामार्गे लंडनला जाई. १८६१ च्या अखेरीस उत्तरेकडून दारू बनवणाऱ्या ड्यू पाँ घराण्यातला लॅमट ड्यू पाँ तो विकत घ्यायला इंग्लंडात गेला. तेवढ्यात ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेचे दोन वकील, म्हणजे राजदूत, पकडण्याचे ‘ट्रेंट’ प्रकरण पेटले आणि ब्रिटिश सरकारने सोऱ्याची निर्यात रोखली. वकील सुटले तेव्हा सोरा सुटला. ब्रिटनशी बिनसले असते तर उत्तरेच्या तोफांनाही आवंढा गिळावा लागला असता. कथेसाठी हा फाटाही वापरण्यासारखा आहे, फक्त तो १८६१ चा आहे.

दक्षिणेने गुहांमधली माती धुऊन सोरा काढला, शेण, मूत्र, पाला आणि राख थरांनी रचून सोऱ्याची खाचरे घातली. ती पिकायला दीड-दोन वर्षे लागतात, म्हणजे लांबलेल्या युद्धात ती उलट कामालाच आली असती. जॉर्जियातल्या ऑगस्टाच्या कारखान्यातली दारू तर शेवटपर्यंत उत्तम होती.

अडले असते तांब्यावाचून. त्या काळच्या रायफलीच्या नळीत दारू आणि गोळी वरून ठासायची, आणि मागच्या बाजूच्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची : करंगळीच्या नखाएवढी, आत पाऱ्याच्या फल्मिनेटचा चिमूटभर थर. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते. टोपी नसेल तर रायफल म्हणजे संगीन लावलेली काठी. १८६३ च्या अखेरीस टेनेसीतल्या डकटाउनच्या तांब्याच्या खाणी हातच्या गेल्या, तेव्हा नॉर्थ कॅरोलिनातल्या पिण्याच्या दारूच्या भट्ट्यांची तांब्याची भांडी गोळा करून त्यांच्या टोप्या पाडल्या. भट्ट्या काही उगवत नाहीत.

दुसरी गोष्ट रुळांची. युद्धकाळात दक्षिणेत नवे रूळ जवळपास पाडलेच गेले नाहीत. रिचमंडचा ट्रेडेगार कारखाना तोफा आणि चिलखती पत्रे यांतच गुंतला होता. मुख्य मार्ग झिजले की फाट्यांचे रूळ उखडून तिथे बसवत. शेतात मका उभा आणि लीचे सैन्य उपाशी, ही स्थिती त्यातून आली. १८६८ नको म्हणतो ते यासाठी : सैनिक हवे तितके कल्पिता येतील, पण त्यांच्यापर्यंत पोती पोचवायला रूळ उरत नाहीत.

‘अधिक रक्तरंजित’ म्हणजे किती?
— एक वाचक, डोंबिवली

प्रत्यक्षातला आकडा पूर्वी ६,२०,००० मृत्यू असा देत. जनगणनेच्या नव्या हिशेबाने तो ७,५०,००० च्या आसपास धरतात. लोकसंख्या ३ कोटी १४ लाख. यातले सुमारे दोन तृतीयांश आजाराने गेले, हगवण आणि विषमज्वर हे मोठे मारेकरी. म्हणून नव्या लढाया रचण्याआधी छावण्या आणि तुरुंग पाहा. दक्षिणेने कृष्णवर्णीय कैद्यांना सैनिक मानायला नकार दिला आणि १८६३ पासून कैद्यांची अदलाबदल बंद पडत गेली. दक्षिणेच्या अँडरसनव्हिल तुरुंगाच्या कुंपणात १४ महिन्यांत सुमारे ४५,००० कैदी आले आणि जवळपास १३,००० मेले. असे आणखी दोन उन्हाळे धरा. ९ एप्रिल १८६५ ला, शरणागतीच्या दिवशी, लीपुढे सैन्य जंगलात पांगवून गनिमी लढाई चालवण्याचा पर्याय मांडला गेला होता. त्याने तो फेटाळला. फेटाळला नसता तर काय, याचा नमुना मिसूरी-कॅन्ससच्या सीमेवर आधीच दिसला होता : ऑगस्ट १८६३ मध्ये लॉरेन्स गावात एका सकाळीत दीडशेच्या वर पुरुष आणि मुलगे मारले गेले.

युद्ध चालू राहिले असते तर मुंबईची कापसाची तेजीही चालू राहिली असती. मग १८६५ चे दिवाळे निघालेच नसते, हे बरोबर का?
— एक वाचक, विलेपार्ले

अर्धवट बरोबर. आधी मालाचा हिशेब. १८६० मध्ये ब्रिटनने अमेरिकेकडून सुमारे १११ कोटी पौंड वजनाची रुई घेतली, भारताकडून २० कोटी. १८६२ मध्ये अमेरिकेची आवक दीड कोटीच्याही खाली आली. भारताची १८६४ मध्ये ५० कोटींवर गेली. म्हणजे जिवाचे रान करूनही भोकाचा तिसरा हिस्साही भरला नाही, आणि जे गेले त्यातले बरेचसे चीनकडे जाणारे किंवा इथल्याच हातमागांच्या तोंडचे होते. लिव्हरपूलला अमेरिकन रुई युद्धाआधी पौंड वजनाला सहा-सात पेन्स होती, ती १८६४ च्या जुलैत तिसाच्या पुढे गेली. पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या भावापेक्षा सुमारे ८१ कोटी रुपये जास्त मिळाले, असा त्या वेळचा अंदाज आहे.

पण इंग्लंडातल्या गिरण्यांच्या लँकेशायरला आपला माल आवडत नव्हता, आणि ते उगाच नव्हे. ‘सुरत’ नावाने जाणारी ही रुई आखूड धाग्याची. अमेरिकन धाग्यासाठी लावलेल्या यंत्रावर ती चढवली की सूत सारखे तुटे. खेच देणारे रोलर जवळ आणावे लागत, पीळ वाढवावा लागे, वेग उतरवावा लागे, आणि तुकड्यावर मजुरी घेणाऱ्या कामगाराची कमाई बुडे. त्यात भेसळ : वजनासाठी पाणी, माती, सरकी, चांगल्या रुईत हलकी. ती रोखायला मुंबई सरकारने १८६३ मध्ये खास कायदा केला. आपल्या आखूड धाग्याला अमेरिकन करवती जिन (सरकी काढायचे यंत्र) चालत नाही, ते धागा कापते. रोलरचे जिन लागते. युद्ध लांबले असते तर वऱ्हाडात ही जिने आणि प्रेस लवकर आल्या असत्या. थळ घाटातली रेल्वे जानेवारी १८६५ ला सुरू झाली, लोहमार्ग नागपूरला १८६७ मध्ये पोचला. तोवर अमरावतीची रुई बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून उतरे, पावसात भिजे.

मात्र शेअर बाजार कापसाच्या मागे चालत नव्हता, तो केव्हाच सुटला होता. १८६४ च्या शरदात नुसत्या तहाच्या अफवेने लिव्हरपूलचे भाव घसरले. इथे मात्र पुढचा हिवाळाभर कंपन्या निघतच होत्या. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका आणि १६ फायनान्शियल कंपन्या होत्या. समुद्र भरून जमीन काढणाऱ्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० चा शेअर ५०,००० ला गेला. पैसा कुठला? १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मुभा मिळाली आणि दलाल प्रेमचंद रायचंदांच्या शब्दावर ती दिली गेली. शेअर चढला की तारण वाढते, तारण वाढले की कर्ज, कर्जातून पुन्हा शेअर. शेअरांचे पुढच्या तारखेचे सौदे, म्हणजे वायदे, १ जुलै १८६५ ला पुरे करायचे होते. बँकेचा २,८५० चा शेअर पुढे ८७ वर आला.

युद्ध चालू असते तर १ जुलैचे वायदे पुढे ढकलले गेले असते, एवढेच. इजिप्तने तोवर पीक तिपटीहून वाढवले होते, म्हणजे युद्धातही भाव कायम चढे राहणार नव्हते. आणि १० मे १८६६ ला लंडनची ओव्हरेंड गर्नी ही सावकारी पेढी बुडाली ती स्वतःच्या जहाज-रेल्वेच्या कागदांपायी. ती कशीही बुडालीच असती. तिच्यामागे उधारी आटली की मुंबई कोसळणारच. दहा महिने उशिरा, आणि आकडे मोठे. पात्राला शेअर विकून मोकळे करायचे असेल तर १८६५ च्या दिवाळीआधी करा.

एक बारकावा. १८६४ पर्यंत न्यूयॉर्कची बातमी मुंबईला यायला चार-पाच आठवडे लागत, शेवटचा टप्पा सुएझहून आगबोटीचा. बोट बंदरात शिरण्याआधी प्रेमचंदांची माणसे मचव्याने गाठून बातमी आणत, असे सांगतात. १८६५ च्या सुरुवातीला इराणी आखातातून युरोपची तार जोडली गेली आणि जुलै १८६६ मध्ये अटलांटिकची. त्यानंतरच्या प्रसंगात मचव्याला काम उरत नाही.

मग गिरणगाव लवकर उभे राहिले असते का?
— एक वाचक, लालबाग

उशिरा. रुई महाग असताना ती कातण्यापेक्षा जहाजावर चढवण्यात नफा होता, म्हणून १८५४ ला ताडदेवच्या गिरणीपासून सुरू झालेली चाल तेजीत मंदावली. गिरण्यांची खरी रांग लागली ती भाव पडल्यावर, १८७० नंतर.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. युद्ध लांबते तर?
— एक वाचक, पुणे

गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात ३१ जानेवारी १८६५ ला, म्हणजे युद्ध चालू असतानाच मंजूर झाली होती. पण तुमच्या कथेत लिंकन काठावर आला असेल तर ती मते जमणे कठीण. दुरुस्ती पडली तर पुढे तडजोडीचा तह होऊन काही राज्यांत गुलामगिरी टिकू शकते, आणि अर्पणपत्रिकेला कारणच उरत नाही. मराठी कथेत हा धागा बॅक बेच्या शेअरांपेक्षा मोलाचा आहे.

नायक १८६५ मध्ये कॉटन ग्रीनला रुईचा सौदा करतो आणि राजाबाई टॉवरच्या ठोक्यावर निघतो. चालेल?
— एक वाचक, गिरगाव

नाही. शिवडीचे कॉटन ग्रीन विसाव्या शतकातले. तेव्हा रुईचा बाजार कुलाब्याला भरे. टॉवर १८७८ चा. ससून डॉक १८७५ चा, त्यामुळे गाठी बंदरावरून पडावांत, म्हणजे माल नेणाऱ्या होड्यांत, आणि पडावांतून जहाजावर. गाठ ३९२ पौंडांची, दोन गाठींची एक खंडी. बोरीबंदरला स्टेशन आहे, पण आजची इमारत नाही. गुजरातची गाडी नोव्हेंबर १८६४ पासून ग्रँट रोडपर्यंतच येते. कोटाचे तट पाडण्याचे काम चालू आहे, तेव्हा धुळीचे वर्णन हवे तितके करा. रस्त्यावर गॅसचे दिवे ऑक्टोबर १८६५ नंतरच लावा, आणि घोड्यांची ट्राम काढून टाका, ती १८७४ ची आहे.