व्हिनाइल फ्लोअरला लाटा आल्यात? इस्त्री फिरवू नका

ताई, क्लासचा व्हिनाइल फ्लोअर (नाचासाठी अंथरायचा प्लास्टिकचा रोल) उन्हाळाभर गुंडाळून ठेवला, आता गरब्यासाठी उलगडला तर ठरावीक अंतरावर लाटा दिसताहेत, ओलं कापड टाकून इस्त्री फिरवू का, असं तुम्ही विचारलंय. इस्त्री नको, गरम हवा मारणारी हीटगनही नको. तापलेला तुकडा ताणला जातो आणि शेजारी नवी लाट निघते.

लाटांमधलं अंतर मोजा. ११० मिमी व्यासाच्या नळीवरच्या दीड मिमी जाड, दहा मीटर लांब रोलमध्ये ते आतल्या टोकाला साधारण ३५ सेंमी आणि बाहेर ५५ सेंमीपर्यंत, म्हणजे दर वेढ्याला एक लाट असं भरलं, तर रोल आडवा पडून एका बाजूने चपटा झालाय. दोन मीटर रुंदीचा असा रोल ४० किलोच्या आसपास भरतो. खान्देशातल्या मे महिन्यात पत्र्याखाली तो स्वतःच्याच वजनाने दबतो. वर दुसरा रोल असला तर विचारूच नका. रोल उभा, भिंतीला बांधून ठेवायचा, किंवा नळीतून लोखंडी पाइप घालून दोन घोड्यांवर (उभ्या स्टँडवर) टांगायचा.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते ट्रान्सपोर्ट. गोदामात रोल पोत्यांखाली आडवे होते आणि आम्ही न उघडता सही करून उचलले. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसने नंतर तक्रार घेतलीच नाही, ‘सही झालीय’ एवढंच उत्तर. अशी वागणूक अजूनही संताप आणते. म्हणून बुक करतानाच बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) ‘उभा ठेवणे, वर वजन नको’ लिहून घ्या. उतरवताना फोटो काढा, रोल दबलेला दिसला तर डिलिव्हरीच्या कागदावर शेरा मारूनच सही करा. मी वकील नाही, पण २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यात नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते. तोंडी भांडणात ते दिवस घालवू नका.

आता तुमच्या लाटा. फरशीवर सावलीत दोन दिवस मोकळा पसरा, मग एक रात्र जाड नळीवर उलट्या बाजूने सैल गुंडाळा. बऱ्याचशा बसतात. कडक चुणी पडली असेल तर ती जात नाही, हे आधीच सांगतो.

मैदानावर काळ्या मातीवर थेट अंथरू नका, ढेकूळ खालून बोचतं. खाली १८ मिमी प्लाय हवा. ऊन उतरल्यावर अंथरा, तासभर मोकळं राहू द्या, मगच टेप मारा. दोन पट्ट्यांत दोन-तीन मिमी फट सोडा. सकाळचं ऊन चढायच्या आत उचला, पण दव पुसून, पूर्ण सुकवून. ओला गुंडाळला तर बुरशी धरते.

रबरी पायपुसणं किंवा रबरी बूच असलेला स्टँड त्यावर ठेवू नका, तपकिरी डाग पडतो आणि तो निघत नाही. वर्तमानपत्र किंवा छापील फ्लेक्सही रोलला गुंडाळू नका, शाई उतरते. जुनी सुती चादर उत्तम. टेपचा चिकटा स्पिरिटच्या फडक्याने हलकेच काढा. थिनर लावलात तर पृष्ठभाग मऊ पडून तिथेच धूळ रुतते.