पाहुणा येतो, गोष्ट त्याची होते

जुन्या अमेरिकन वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या, टीव्ही मालिकांतल्या पाहुण्या कलाकारांबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली काही आज घेतो.

प्रश्न : न्यू जर्सीला मुलीकडे आलो की दुपारी जावयाबरोबर जुनं 'गनस्मोक' बघतो. एक चेहरा सारखा दिसतो. एक डोळा भलतीकडेच वळलेला, दाढीचे खुंट, हसला तरी धडकी भरावी असा. हा कोण?

हा जॅक ईलम. लहानपणी दुसऱ्या एका मुलाची पेन्सिल डाव्या डोळ्यात घुसली आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढे तो हिशेबनीस झाला. दिवसभर आकड्यांत डोकं घालून चांगल्या डोळ्यावर ताण यायला लागला, तेव्हा ते काम सोडून तो अभिनयाकडे वळला. ज्या अधू डोळ्यापायी खातेवही सोडावी लागली, त्याच डोळ्यानं त्याला पुढे जन्मभर काम दिलं.

तुम्ही 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) पाहिला असेल, तर सुरुवातीला रेल्वे स्टेशनवर ज्याच्या तोंडावर माशी बसते, तो हाच. शेजारी टोपीवर थेंब थेंब पाणी झेलत उभा आहे तो वूडी स्ट्रोड. त्यानेही १९६१ मध्ये 'रॉहाइड'च्या एका भागात पाहुणा म्हणून घोडदळातल्या कृष्णवर्णीय सैनिकाची भूमिका केली होती. इटालियन दिग्दर्शकाने ही माणसं निवडली, तेव्हा अमेरिकेतल्या घराघरांत हे चेहरे आधीच ओळखीचे होते. पुढच्या वेळी ईलम दिसला की त्याच्या विनोदाकडेही लक्ष द्या. खलनायकी त्याला जितकी साधायची, तितकंच हसवणंही.

प्रश्न : एकच नट त्याच मालिकेत कधी दरोडेखोर, कधी शेतकरी, कधी शेरीफ कसा? प्रेक्षकांना खटकत नसे का?

हा प्रश्न मला फार आवडला, कारण या मालिकांची सगळी रचना त्यात आहे. 'गनस्मोक' १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षं चालली. ६३५ भाग झाले. पहिल्याच हंगामात ३९ भाग होते, म्हणजे जवळपास दर आठवड्याला एक नवी गोष्ट. आणि मालिकेचा नायक, गावात कायदा सांभाळणारा मार्शल मॅट डिलन काही बदलू शकत नाही. तो मरणार नाही, लग्न करून गाव सोडणार नाही, वाईट मार्गाला लागणार नाही, कारण पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा डॉज सिटीत उभं राहायचंय. मग ज्याचं मन पालटतं, जो पस्तावतो, सूडानं जळतो, मरतो, तो कोण? गावात नव्यानं आलेला माणूस, म्हणजे पाहुणा. नायक घर सांभाळतो, गोष्ट पाहुण्याची असते.

अशा भूमिकेला घोड्यावर नीट बसणारा, पहिल्याच दिवशी पात्रात शिरणारा नट लागे. तसा मिळाला की निर्माते त्याला पुन्हा पुन्हा बोलवत. मॉर्गन वुडवर्ड 'गनस्मोक'मध्ये १९ वेळा आला, दर वेळी वेगळा माणूस होऊन. 'कूल हँड ल्यूक' (१९६७) मधला तो आरशासारखा काळा चष्मा लावणारा, एक शब्दही न बोलणारा पहारेकरी म्हणजे वुडवर्डच. खटकण्याचं म्हणाल, तर तेव्हा घरी रेकॉर्डिंग नव्हतं. चेहरा ओळखीचा वाटे आणि लोकांना तो परत आल्याचा आनंदच होई.

प्रश्न : पुढे मोठे झालेले कोण कोण इथे दिसतात?

खूप. रॉबर्ट रेडफोर्ड १९६३ मध्ये 'द व्हर्जिनियन'मध्ये. हॅरिसन फोर्ड त्याच मालिकेत आणि नंतर 'गनस्मोक'मध्येही. सॅमी डेव्हिस ज्युनियर १९६२ मध्ये 'द रायफलमन'मध्ये. पिस्तूल उपसण्याचा त्याचा वेग खरा होता, कॅमेऱ्याची करामत नव्हे. पण मला उलटा प्रवास जास्त हलवतो. दोन ऑस्कर मिळवलेली बेटी डेव्हिस १९६६ मध्ये 'गनस्मोक'च्या 'द जेलर' या भागात आली. नवरा फासावर गेलेली, सूडानं पेटलेली विधवा. मार्शलची मैत्रीण मिस किटी हिला कोंडून ती मार्शलची वाट बघते. तिच्या एका मुलाची भूमिका केलीय तरुण ब्रूस डर्ननं. हा भाग चुकवू नका.

प्रश्न : अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भूमिका खरोखर त्यांच्यापैकीच नट करत का?

बहुतेक वेळा नाही, आणि आज बघताना ते बोचतं. लिओनार्ड निमॉयने 'गनस्मोक'मध्ये, मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोन्टालबानने 'बोनान्झा'मध्ये अशा भूमिका केल्या. दोघांचं काम मनापासूनचं आहे, पण ज्यांची ती कथा होती त्यांच्या हाताला काम मिळालं नाही. 'द लोन रेंजर'मधला नायकाचा साथीदार टॉन्टो, म्हणजे नट जे सिल्व्हरहील्स, मात्र कॅनडातल्या मोहॉक या मूळ रहिवासी जमातीचा होता. नंतर तो कितीतरी वेस्टर्न मालिकांत पाहुणा म्हणून आला. साठच्या दशकात त्याने लॉस एंजेलिसमध्ये मूळ रहिवासी नटांसाठी अभिनयाची कार्यशाळा उभी केली. त्याची आठवण काढताना एवढं तरी सांगायलाच हवं.

प्रश्न : यात कुणी भारतीय आहे का?

आहे! 'मदर इंडिया'तला छोटा बिरजू, साजिद खान. मुंबईचा हा मुलगा 'माया' या चित्रपटामुळे आणि १९६७ च्या त्याच नावाच्या मालिकेमुळे अमेरिकेत पोचला आणि बार्बरा स्टॅनविकच्या 'द बिग व्हॅली'मध्ये राजपुत्र रणजित सिंग म्हणून पाहुणा आला. साजिद २०२३ मध्ये गेला.

प्रश्न : 'वॅगन ट्रेन'च्या भागांना माणसांची नावं का?

कारण तिथे पाहुण्याचं महत्त्व उघड मान्य केलेलं होतं. १९५७ च्या पहिल्या भागाचं नाव 'द विली मोरन स्टोरी'. विली मोरन झाला होता अर्नेस्ट बोर्गनाइन. गाड्यांचा तांडा पश्चिमेकडे चाललाय आणि दर आठवड्याला त्यातल्या एका प्रवाशाची कहाणी.

या मालिकेतला एक भाग मी वर्षातून एकदा तरी बघतो. १९६० चा 'द कोल्टर क्रेव्हन स्टोरी'. तांड्याचा प्रमुख झालेला वॉर्ड बॉण्ड हा दिग्दर्शक जॉन फोर्ड आणि जॉन वेन यांचा जुना जिवलग. मित्राच्या मालिकेसाठी फोर्डनं स्वतः हा भाग दिग्दर्शित केला. वेनही आला, अमेरिकन यादवी युद्धातला सेनापती जनरल शर्मन होऊन. काही क्षणच, अंधारात. चेहरा धड दिसत नाही, पण आवाज ऐकला की कळतं. ५ नोव्हेंबरला बॉण्ड अचानक वारला आणि हा भाग प्रसारित झाला २३ नोव्हेंबरला. तिघांची ती शेवटची भेट लोकांनी बघितली, तेव्हा त्यांच्यातला एक या जगात नव्हता. श्रेयनामावलीत जॉन वेन हे नाव शोधू नका. तिथे लिहिलंय मायकेल मॉरिस.