आधी एक-चौदा, मग टोकन

प्रिय बाय,

गोव्यातल्या फोंड्याजवळचं ते जुनं घर तुझ्या मनात भरलंय, हे फोनवर दोन मिनिटांत कळलं. घराच्या मधोमध राजांगणाचा चौक, मागे विहीर, वर मंगलोरी कौलं. दलाल म्हणतो, शनिवारपर्यंत टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. बत्तीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली पाहिल्या. हे दुसरं गिऱ्हाईक प्रत्येक घराला असतंच.

आधी पैशाचं उरकतो. घर पन्नास लाखांचं धरलं तर बँक फार तर ८० टक्के देईल. चाळीस लाखांना साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ३४,७०० च्या आसपास बसतो. उरलेले दहा लाख तुझे, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील हे सगळं त्याच्या वर. तुझ्या पगारात जमेल, पण ओढाताण होईल.

खरी गोम आहे एक-चौदाच्या उताऱ्यात, म्हणजे आपल्या गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीत. कब्जेदाराच्या रकान्यात एकच नाव दिसलं की लोक निश्चिंत होतात. तू खाली ‘इतर हक्क’ वाच. तिथे कुणाचं घर किंवा मुंडकार (मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) म्हणून नोंद असेल, तर १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्या माणसाला संरक्षण आहे. मालक ‘तो आमचाच माणूस, काही म्हणणार नाही’ असं सांगेल. त्या माणसाला स्वतः जाऊन भेट.

आणि सह्या. आपल्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणून मालक वारला की मुलगे, मुली आणि जावई-सुनाही कागदावर येतात. १९९४ साली मी डिचोलीत प्लॉटसाठी वीस हजार टोकन दिलं होतं. चार भाऊ, चौघेही हसतमुख. मुंबईतल्या धाकट्याची बायको सही करेना. कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं! चूक तिची नव्हती. माझे पैसे मात्र तीन वर्षांनी हप्त्याहप्त्याने परत आले. तेव्हा इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली वाटणी, झाली आहे का, कुणाच्या वाट्याला काय आलं, हे वकिलाला दाखव. वकील तुझा हवा, दलालाने सुचवलेला नको.

नगर नियोजन खात्याकडून झोनिंगचा दाखला घे. जुनं घर आहे म्हणून सगळी जमीन सेटलमेंटमध्येच, म्हणजे घरं बांधता येतील अशा झोनमध्येच, असेल असं नाही. वाटेचंही बघ. गाडी शेजाऱ्याच्या कुळागरातून (पोफळीच्या बागेतून) जात असेल तर तो हक्क कागदावर हवा.

घर मात्र जुलैत बघायचं. मे महिन्यात सगळीच घरं सुंदर दिसतात. पाऊस कोसळत असताना जा, वाशांना पेचकस टोचून बघ. आत शिरला तर वाळवी. भिंतीला हात लाव, विहिरीत पाणी कुठवर चढतं ते बघ.

तुझं लग्न डिसेंबरात आहे. घर कुणाच्या नावावर राहावं, याचं बोलणं तुम्ही दोघांनी त्याआधीच करा. लाजू नका. करार करायचाच असेल तर तो लग्नाआधी करावा लागतो.

रविवारी ये. उताऱ्याची ताजी प्रत आण, दलालाच्या मोबाइलवरचा फोटो नको. शनिवारी टोकन द्यायचं नाही.

तुझा,
काका