मोडी येते म्हणजे नक्की किती येते?

मराठीच्या जुन्या मोडी लिपीची बाराखडी पाठ झाली, छापील उतारे सरसर वाचता येतात, म्हणून लगेच 'मला मोडी येते' म्हणू नकोस. मीही म्हणायचो! बोरूच्या लेखणीने लिहिलेलं पेशवेकालीन पत्र बऱ्यापैकी उलगडतं, पण इंग्रजी अमदानीतलं, धातूच्या निबाच्या टाकाने घाईत खरडलेलं दप्तर समोर आलं की घाम फुटतो.

स्वतःला असं तपास. एक अनोळखी पत्र घे, देवनागरीत लिप्यंतर कर. जिथे अक्षर दिसत नसून तू अंदाज लावतोयस, तिथे टिंबं दे. पंधरा दिवसांनी जुना कागद न बघता तेच पत्र पुन्हा वाच आणि दोन्ही ताडून पाहा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दही सुटे नसतात. त्यामुळे मन आपल्याला हवं तेच वाचतं. दोन्ही वाचनांत फरक निघतील तिथे तू वाचत नव्हतास, अंदाज लावत होतास.

आणि हो, तारखेची ओळ गाळू नकोस. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे शुहूर सन (अरबी अंकशब्दांत लिहायची जुनी कालगणना) ११७३, अर्थात इ. स. १७७२-७३. हे कोष्टक न बघता जमलं, तर मला कळव. मला अजून बघावं लागतं.