गोळ्यांनी विरलेली मेंदूतली गाठ आणि बायोप्सीचा निर्णय

प्रश्न : माझे वडील 63 वर्षांचे असून आमची आर्णी तालुक्यात कोरडवाहू शेती आहे. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत त्यांचे बोलणे अडखळू लागले, घरच्यांची नावे चुकू लागली. आम्हाला आधी फवारणीची बाधा वाटली. यवतमाळला एमआरआय काढल्यावर मेंदूत गाठ दिसली. सूज उतरण्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आठवडाभरात ते पूर्वीसारखे बोलू लागले. नागपूरच्या डॉक्टरांना लिम्फोमाची शंका असून ते बायोप्सी सुचवतात. आता बरे वाटत असताना डोक्याला छिद्र कशाला, असे नातेवाईक म्हणतात. आम्ही काय करावे?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा, विचार सोडू नका. लिम्फोमा म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग. मेंदूपुरता मर्यादित असलेला लिम्फोमा दुर्मीळ आहे. मेंदूत उगम पावणाऱ्या शंभर गाठींमध्ये तो जेमतेम तीन-चार वेळा आढळतो, आणि बहुधा साठीच्या पुढच्या माणसांत. स्टेरॉइडमुळे या गाठीतल्या पेशी झपाट्याने मरतात, त्यामुळे गाठ एमआरआयमध्ये जवळजवळ दिसेनाशी होते. परंतु हा आराम टिकत नाही. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ती परत येते, कधी मेंदूच्या दुसऱ्याच भागात. म्हणूनच लिम्फोमाची शंका असेल आणि मेंदूवरचा दाब जिवावर बेतणारा नसेल, तर तुकडा तपासेपर्यंत स्टेरॉइड टाळावे, असा नियम आहे. तुमच्या वडिलांना गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांसमोर सूज होती, हेही ध्यानात घ्यायला हवे.

गोळ्यांनी बरे वाटले, एवढ्यावरून मात्र निदान ठरत नाही. आपल्याकडे क्षयाची गाठ आणि टेपवर्मच्या अळीची गाठ जास्त आढळते, आणि त्यांच्याभोवतीची सूजही स्टेरॉइडने उतरते. या तिन्हींचे उपचार पूर्णपणे वेगळे असल्याने, अंदाजाने महिनोन्‌महिने क्षयाची औषधे घेत राहण्यात मोलाचा वेळ जाऊ शकतो, याची मला खरी काळजी वाटते.

बायोप्सीत कवटीला लहानसे छिद्र पाडून, स्कॅनच्या आधाराने बारीक सुई नेमक्या जागी नेतात व तुकडा काढतात. रक्तस्रावाचा धोका थोडा असतो, तो डॉक्टरांकडून स्पष्ट समजून घ्या. पूर्ण गाठ काढण्याची मोठी शस्त्रक्रिया या आजारात सहसा करत नाहीत, कारण त्याच्या पेशी गाठीच्या कडेपलीकडे मेंदूत पसरलेल्या असतात. सध्या गोळ्यांच्या प्रभावामुळे तुकड्यात काहीच न सापडण्याची शक्यता आहे. तसे झाले तर डॉक्टर गोळ्या हळूहळू कमी करून ठरावीक अंतराने एमआरआय काढतील आणि गाठ पुन्हा दिसताच बायोप्सी करतील. गोळ्या स्वतःहून एकदम बंद करू नका, त्यातून रक्तदाब कोसळण्यासारखा धोका होऊ शकतो. कोणती गोळी, किती आणि कोणत्या तारखेपासून, हे लिहून जुन्या एमआरआयच्या सीडीसह नागपूरला न्या. जोडीला एचआयव्हीची चाचणी, डोळ्यांच्या आतील भागाची तपासणी, शक्य असल्यास पाठीच्या कण्यातील पाण्याची तपासणी आणि पूर्ण शरीराचे स्कॅन होईल, कारण हाच आजार डोळ्यांत किंवा अन्यत्र दडलेला असू शकतो.

लिम्फोमाचे निदान पक्के झाल्यास मुख्य औषध मेथोट्रेक्सेट, हे केमोथेरपीचे औषध आहे. ते मोठ्या मात्रेत, रुग्णालयात दाखल करून शिरेतून देतात. सोबत भरपूर सलाईन आणि शरीराचे रक्षण करणारे ल्युकोव्होरिन असते. अनेकदा रिटुक्सिमॅब हे लिम्फोमाच्या पेशींना लक्ष्य करणारे औषधही जोडतात. मूत्रपिंड नीट काम करत आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते, म्हणून रक्तातील मेथोट्रेक्सेटची पातळी तिथेच मोजली जाते का, हा प्रश्न रुग्णालय निवडताना आवर्जून विचारा. पूर्ण मेंदूला दिलेल्या रेडिएशनमुळे साठीपुढच्या रुग्णांची स्मरणशक्ती खालावू शकते, त्यामुळे ते शक्यतो टाळतात किंवा नंतरसाठी राखून ठेवतात. या उपचारांनी अनेक रुग्णांची गाठ जाते, काहींना ती पुन्हा उद्भवते, म्हणून पुढे नियमित एमआरआय लागतात.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन, दाखल होण्यापूर्वीच त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटा आणि बायोप्सी व केमोथेरपी दोन्ही तिथे योजनेत बसतात का, ते विचारून घ्या.