लघुप्रबंधाचा विषय आणि सरंजामाची गावे

प्रश्न : मी आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम. ए. करत असून शेवटच्या सत्रात स्वतंत्र लघुप्रबंध लिहायचा आहे. ‘गोवामुक्ती आणि भारताचे परराष्ट्र धोरण’ हा विषय मी सुचवला. मार्गदर्शकांना तो फार मोठा वाटतो. तो आटोपशीर कसा करावा?

उत्तर : मार्गदर्शकांचे म्हणणे मला पटते. या विषयावर इतके लिहिले गेले आहे की नुसते उतारे जुळवत गेले तरी पाने भरतात, पण त्यात तुमचे स्वतःचे असे काही उरत नाही. म्हणून आधी एकच मूळ साधन हाती घ्या. आपल्या ताब्यातील दमणहून, चारी बाजूंनी भारतीय भूमीने वेढलेल्या दादरा आणि नगर हवेली या आपल्या प्रदेशांना त्या भूमीतून जाण्याचा हक्क आपल्याला आहे, असा दावा पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाखल केला होता. त्याचा १२ एप्रिल १९६० चा निकाल आणि दोन्ही पक्षांची लेखी निवेदने न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात.

या निकालात मराठी वाचकाने थांबावे अशी एक जागा आहे. पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यातील १७७९ च्या पुणे कराराने दादरा आणि नगर हवेलीतील गावांचे सार्वभौमत्व दिले, की वर्षाला बारा हजार रुपयांच्या महसुलाचा केवळ सरंजाम (म्हणजे गावांचा महसूल उपभोगण्याचा हक्क), यावर तेथे बारकाईने खल झाला, आणि मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलेले नव्हते, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही पुढे इंग्रजांच्या काळात रुळलेल्या वहिवाटीमुळे खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट मिळण्याचा हक्क वाद उद्भवला तेव्हा, म्हणजे १९५४ मध्ये, होता, सशस्त्र दलांना मात्र नव्हता (हा भाग आठ विरुद्ध सात मतांनी ठरला), आणि भारताने कोणत्याही बंधनाचा भंग केलेला नाही, असा निर्णय झाला.

मग तुमचा प्रश्न असा मांडता येईल : वसाहतवादाला विरोध करणाऱ्या भारताने या दाव्यात पेशवेकालीन कराराचा आधार कसा आणि किती घेतला? भारतातर्फे तदर्थ (त्या दाव्यापुरते नेमलेले) न्यायाधीश म्हणून बसलेल्या मो. क. छागला यांचे भिन्नमतपत्रही शेजारी ठेवून वाचा. डिसेंबर १९६१ ची लष्करी कारवाई आणि सुरक्षा परिषदेतील सोव्हिएत नकाराधिकार यांचा मोह मोठा असला, तरी त्यांना शेवटच्या प्रकरणातली दोन-चार पानेच द्या. सरंजामाविषयीचा भाग वाचून झाल्यावर स्वतःच्या शब्दांत एक पानभर टिपण लिहा आणि पुढच्या भेटीत मार्गदर्शकांसमोर तेच ठेवा.